काय म्हणाला आज?

पाळणाघराच्या दारावरची पाटी आईबाप एकदाच वाचतात, पहिल्या दिवशी. त्यानंतर पाटीवरचं नाव, बाईंचं नाव आणि बाईंचं आडनाव हे तिन्ही वापरातून जातं आणि उरतात त्या काकू. आमच्या समोरच्या काकूंचं खरं नाव मला ठाऊक आहे, कारण त्यांचं लाइटचं बिल अधूनमधून आमच्या दारात येऊन पडतं. बाकी सगळी सोसायटी त्यांना काकू म्हणते. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले आजोबा म्हणतात, सिलिंडरवाला म्हणतो आणि अलीकडे त्यांचे यजमानही म्हणायला लागलेत.

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तळमजल्यावरचा त्यांचा ब्लॉक. समोर आमचा. मध्ये अरुंद पॅसेज आणि त्यात चपलांचा रॅक. संध्याकाळी साडेसहापासून या पॅसेजमध्ये जे चालतं, ते मी निवृत्त झाल्यापासून दार उघडं टाकून, पेपर तोंडापुढे धरून ऐकत आलोय. पालक एकेकटे येत नाहीत, गाडीगणिक येतात. एक फास्ट लोकल लागली की थोड्या वेळाने चारपाच जण, मग सामसूम, मग पुढची गाडी. गाड्या खोळंबल्याची बातमी आली की काकू आणखी एक वाटी तांदूळ धुवायला घेतात.

आलेला प्रत्येक पालक तीन प्रश्न विचारतो. जेवला का? झोपला का? आणि, काय म्हणाला आज? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं काकू खरी देतात. तिसरा प्रश्न आला की त्या खाली वाकतात आणि मुलाच्या सँडलचा पट्टा लावायला घेतात. मग पालकाला काकूंचा भांग तेवढा दिसतो, चेहरा दिसत नाही. मुलाच्या बोलण्याविषयीच्या सगळ्या नाजूक वाटाघाटी भांग आणि पालक यांच्यात होतात. पट्टा चिकटपट्टीचा असला, एका झटक्यात लागणारा असला, तरी काकूंना तो हवा तितका वेळ पुरतो.

कायद्याने बघायला गेलं तर यातली बरीच मुलं इथे असायला नकोत. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येता आलं पाहिजे, असं त्यात लिहिलंय. हेतू उत्तम. पण लिहिणाऱ्याने सकाळची डोंबिवलीहून सुटणारी लोकल पाहिली नसावी. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसात पाळणाघर असेलही, पण वर्षाचं पोर त्या गर्दीतून तिथवर न्यायचं कोणी? एका आईने हे चार भेटींचं कलम काकूंना मोबाइलवर वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "चार वेळा इथे येऊन गेलीस तर कामाला कधी जाशील गं?"

काकूंचं शिक्षण विचारू नये, कारण त्या सांगतात. लग्नाआधी बालवाडी शिक्षिकेचा कोर्स झालाय. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, अंगणवाडी ही कल्पना त्यांची, हे काकू कुठल्याही संभाषणात बसवू शकतात. समोरचा पालक 'करिक्युलम' असं म्हणाला की हमखास बसवतात. पालकाला ताराबाई माहीत नसतात, काकूंना करिक्युलम माहीत नसतो, आणि दोघंही आदराने मान हलवतात.

त्यांचं खरं पांडित्य दिसतं ते प्रवेशाच्या फॉर्मवर. पुढच्या बाजूला रक्तगट, डॉक्टरांचा नंबर, कशाची ॲलर्जी वगैरे सगळीकडे असतं तेच. मागच्या बाजूला मात्र एक मोठी चौकट आहे आणि तिच्यावर लिहिलंय, 'घरी काय म्हणतात?' खाली पाणी, दूध, भात, शू, शी, झोप, दुखतंय. ही चौकट भरताना चांगले चांगले इंजिनिअर लाजतात. एक गृहस्थ पेन हातात धरून बराच वेळ उभे होते. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "शीला आमच्यात ऑफिस म्हणतात." काकूंनी चेहऱ्यावरची रेघ न हलवता तसं लिहून घेतलं. पुढे आठवडाभर ते पोर दुपारी "बाबा कुठे?" असं विचारायचं, काकूंची मदतनीस "ऑफिसला" असं सांगायची आणि पोर पोट धरून हसायचं.

काकूंच्या फ्रीजवर पाण्याची यादी चिकटवलेली आहे. नीळ्ळू, तण्णी, वेळ्ळम, जोल. डोंबिवलीत आता सगळ्या देशाचं पाणी आहे. तहानलेल्या पोराला आधी त्याच्या घरचं पाणी द्यायचं, मराठी पाणी आपोआप येतं, असं काकूंचं मत. तेलुगू घरातली एक मुलगी तीन महिन्यांत काकूंशी मराठीत, मदतनिसाशी हिंदीत आणि बाहुलीशी तेलुगूत बोलायला लागली. तिचे वडील काळजीत पडले. मुलीला एका भाषेत मोजके शब्द येतात, कुठे काही गोंधळ तर नाही? काकूंनी त्यांना तिन्ही भाषांतले शब्द एकाखाली एक लिहून बेरीज करायला लावली. "बँकेत तीन खाती असली तर पैसे एकाच पासबुकातून मोजता का?" गृहस्थ बँकेतच होते. तिथल्या तिथे समाधान झालं. तज्ज्ञ लोकही हेच सांगतात की दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलणं मागे पडत नाही आणि शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. पण तज्ज्ञांची फी वेगळी असते.

शब्द मोजणारे पालक ही काकूंची मोठी गिऱ्हाइकी. त्यातले एक अजून आठवतात. मुलगा दोन वर्षांचा व्हायला आठवडा राहिला होता. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत साधारण पन्नास शब्द यावेत आणि दोन शब्द जोडता यावेत, असं त्यांनी वाचलं होतं. त्यांनी कॉम्प्युटरवर तक्ता केला, तक्ता फोनवर घेतला आणि फोन काकूंच्या भांगासमोर धरला.

"काकू, सेहेचाळीसच होतायत. चार कमी पडतात."

"'चाचा' धरलात?"

"चाचा म्हणजे?"

"चप्पल."

त्यांनी चप्पल घातली. तक्त्यात.

"दुसरा चाचा?"

"दुसरा कुठला?"

"चहाचा. आणि चावीचा तिसरा."

"पण काकू, शब्द एकच झाला ना!"

"तुमच्यासाठी एक. त्याला चप्पल हवी असताना चावी देऊन बघा, किती शब्द आहेत ते कळेल." पट्टा लागला. "आणि कुत्रा दिसला की जे 'भू' म्हणतो तेही घाला. पन्नास झाले. पेढे आणा."

पेढे आले. मलाही मिळाला.

पहिल्या शब्दाच्या बाबतीत मात्र काकू सरळसरळ खोटं बोलतात आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नाही. मूल दिवसाचे दहा-अकरा तास त्यांच्याकडे. साहजिकच पहिला शब्द बहुतेकदा त्यांच्याच कानावर पडतो. तो त्या गिळून टाकतात. संध्याकाळी वाकल्या वाकल्या एवढंच म्हणतात, "घरी जरा लक्ष ठेव हं, ओठ हलायला लागलेत." दोनचार दिवसांत आई धापा टाकत येते. "काकू, हा काल रात्री 'आई' म्हणाला!" मग काकूंचा हात छातीवर जातो, डोळे मोठे होतात, "काय सांगतेस!" असा उद्गार निघतो. हा प्रवेश मी समोरून इतक्यांदा पाहिलाय, पण कधी पाट्या टाकल्यासारखा झाला नाही. एकदा ऐन रंगात आलेला असताना त्यांचे यजमान आतून म्हणाले, "अगं, पण हा तर मागच्या मंगळवारीच—" काकूंच्या हातातून स्टीलचं ताट पडलं. पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही.

व्याकरणाच्या तक्रारी वेगळ्या. एक आई फार चिडून आली. "काकू, हा आधी व्यवस्थित 'मी केलं' म्हणायचा. आता 'मी करलं' म्हणतो. इथे आल्यापासून बिघडला." आरोप थेट होता. काकूंनी दुसऱ्या सँडलचाही पट्टा सोडला, म्हणजे वेळ जास्त लागणार होता.

"आधी म्हणायचा ते तुझं ऐकून. पोपटासारखं. आता त्याचं त्याने शोधून काढलंय. धर, धरलं. मार, मारलं. भर, भरलं. मग कर?"

"...करलं," आई नकळत म्हणाली.

"मग चुकलं कोणाचं? पोराचं की मराठीचं?"

आईला उत्तर सुचेना. मलाही सुचेना. मी शाळेत मराठीच्या पेपरात बरे मार्क मिळवलेला माणूस. 'करलं' का नाही, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आता दुपारी मीही बसून क्रियापदं तपासतो. 'जा'चं 'गेला' होतं यात पोराने काय समजायचं? काकू म्हणतात, चूक करायला लागलं की समजावं, डोकं चालायला लागलं. काही महिन्यांनी 'केलं' आपोआप परत येतं, कोणी शिकवावं लागत नाही. आणि तोवर आईने 'हो रे, तू केलंस' असं म्हणावं, बस. 'करलं नाही, केलं म्हण' असं दहादा घोकून घेतलं की पोर बोलायचंच थांबतं.

याहून बिकट प्रसंग आला तो 'मी येते'चा. अडीच वर्षांचा गुटगुटीत मुलगा, दारात उभा राहून, गळ्यात बाटली अडकवून सगळ्यांना "मी येते हं" असं सांगायचा. दिवसभर कानावर पडायच्या त्या काकू, मदतनीस आणि घरी आई, आजी. सगळ्या 'येते'वाल्या. बापाला ते फार लागलं. त्याने काकूंना जवळजवळ हुकूमच सोडला की याला 'येतो' शिकवा. काकू खालूनच म्हणाल्या, "शिकवते की. पण मी 'येतो' म्हटलं तर मला वेड्यात काढतील. तुम्ही घरी रोज अर्धा तास त्याच्याशी बोला. 'येतो' घरातच आहे, जरा उशिरा येतो एवढंच." बापाच्या हातात लॅपटॉपची बॅग होती, ती त्याने खांद्यावर नीट केली. (उलट तऱ्हाही काकूंकडे होऊन गेलीय. कोल्हापूरकडच्या आईची मुलगी ऐटीत "मी जातो" म्हणायची आणि तिची पुण्याची आजी डोळे पुसायची. काकूंनी त्यात हातच घातला नाही. दोन जिल्ह्यांच्या भांडणात पडू नये.)

इंग्रजीचा हुकूम घेऊन येणाऱ्या आया वेगळ्या ठेवणीच्या. एकीने पहिल्याच दिवशी सांगितलं की घरी आम्ही फक्त इंग्लिश बोलतो, तेव्हा इथेही तसंच ठेवा. काकू हो म्हणाल्या. काकू सगळ्यांना हो म्हणतात. त्या दिवसापासून संध्याकाळी त्या बाईंची चाहूल लागली की पॅसेजमध्ये इंग्रजी सुरू व्हायचं. "सोन्या, हँड वॉश केलंस ना? वॉटर पिऊन घे. मम्मा आली बघ, रन रन." बाई खूश. एका शनिवारी बाई लवकर आल्या आणि दाराबाहेर उभ्या राहिल्या. आत त्यांचं लेकरू बाहुलीला झोपवत होतं, अस्सल मराठीत, मांडी हलवत. बाहुली झोपत नव्हती. "किती वेळा सांगितलं तुला! बाबा येईल ना आता! मला कामं नाहीत का!" बाई ऐकत राहिल्या. शब्द मराठी होते, पण सूर त्यांचा स्वतःचा होता, 'कामं'वरचा हेल सुद्धा. घरी फक्त इंग्लिश बोलतो हा हुकूम नंतर पुन्हा निघाला नाही.

भातुकलीत बसलेली पोरं घरातलं सगळं सांगतात, हे आईबापांना ठाऊक नसतं म्हणून ते सुखी असतात. कोणाकडे हप्ता थकलाय, कोणाची सासू गावी गेली की घरात कुठली भाजी होते, कोण कोणाशी अबोला धरून 'तुझ्या बाबांना सांग जेवायला वाढलंय' म्हणतं, सगळं काकूंच्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यापर्यंत येतं आणि तिथेच संपतं. मी दोनचारदा आडून विचारून पाहिलं. त्यांनी मला चहा दिला.

शिवीचं प्रकरण पण सांगायला हवं. एक वडील तणतणत आले. "काकू, हा फार घाणेरडा शब्द शिकलाय. इथली संगत बघायला हवी तुम्ही." काकू वाकल्या.

"हो, ऐकला मी. आम्ही सगळ्यांनीच ऐकला. चांगला स्पष्ट म्हणतो हो, र सुद्धा फिरतो."

"आला कुठून पण?"

"ते मी विचारलं नाही. एवढंच पाहिलंय की म्हणायच्या आधी तो दोन्ही मुठी पुढे धरतो. उजवी पिरगळतो. मग 'पीं पीं' करतो. मग म्हणतो."

वडिलांच्या हातात हेल्मेट होतं. ते त्यांनी ह्या हातातून त्या हातात घेतलं, मुलाला उचललं आणि "बरं, येतो," म्हणाले. स्टेशनालगतच्या इमारतीतल्या एका छोटीचं भाषण याहून सभ्य. खिडकीखाली दिवसभर फलाटाचा लाउडस्पीकर. एकदा तिने आमटीची वाटी उपडी केली, काकूंकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाली, "दिलगील आहोत." तिच्या आईने काकूंचे हात धरले. इतके चांगले संस्कार, इतक्या लहान वयात! काकूंनी ते श्रेय घेतलं.

असं सगळं गोडीगुलाबीने चालतं. फक्त एका बाबतीत काकू बदलतात. ते मला एका मुलामुळे कळलं.

दोन वर्षं उलटून गेली होती, शब्द चारपाचच. स्वभाव शांत, हसरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरी सगळे उपाय चालू होते. आजी वेखंड उगाळून जिभेला लावत होती. काकूंनी आजींना सांगून पाहिलं की वेखंड गव्हाच्या डब्यात ठेवा, किडे होत नाहीत. आत्या म्हणत होती की जिभेची तार कापून टाका. आणि वडील निर्धास्त होते, कारण त्यांच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे तेही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते आणि आता त्यांचा पगार उत्तम होता.

काकूंनी आधी त्यांची नेहमीची परीक्षा घेतली. दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, मानही हलवायची नाही आणि शांतपणे म्हणायचं, "चप्पल आण." हात पुढे असले की आपण नकळत बोट दाखवतो, पोर बोट बघून जातं आणि आपल्याला वाटतं, समजलं. बोलता येत नसलं तरी समजतंय का, हे आधी बघावं, असं त्या मदतनिसाला बजावत असतात. हा पोरगा काकूंच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला आणि हसला. दुसऱ्या दिवशी काकूंनी तेच त्याच्या पाठीमागून म्हटलं. तो मागे वळलाच नाही. मग चारच्या सुमाराला त्यांनी स्वयंपाकघरात बिस्किटचा पुडा फोडला. त्या चरचरीला झोपलेली पोरंसुद्धा उठून बसतात. आठच्या आठ डोकी वळली. नववं ठोकळे लावत राहिलं. त्याचं नाक महिनाभर वाहतच होतं, हेही काकूंनी मनात टिपून ठेवलेलं.

त्या संध्याकाळी वडील आले, "काय म्हणाला आज?" म्हणाले, आणि काकू वाकल्या नाहीत. मी पेपर खाली घेतला. पोर अनवाणी उभं होतं, सँडल रॅकमध्ये, आणि काकू ताठ.

"याचे कान तपासून घ्या. या आठवड्यात."

"अहो काकू, मी पण उशिराच—"

"तुमचं झालं गेलं. याचे तपासा."

"आईनस्टाईनसुद्धा उशिरा बोलायला लागला, माहितीय?" त्यांनी फोन काढला, त्यात ते आलेलं होतं.

"असेल. पण त्याला ऐकू येत होतं ना?"

वडिलांना राग आला. येणारच. पण काकूंनी चिठ्ठी आधीच लिहून ठेवली होती. वरती जवळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं नाव, खाली वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था, १९८३ पासून हेच काम करणारी. निदान म्हणून एक अक्षर नाही. रोगाला नाव द्यायचं काम डॉक्टरांचं, असं काकू म्हणतात. ऑटिझम वगैरे शब्द पालकांनी स्वतः काढले तरी त्या तोंडून काढत नाहीत. उशिरा बोलणाऱ्या सगळ्याच मुलांचे कान बिघडलेले नसतात हेही त्यांना माहीत आहे. पण बाकी कशाचीही वाट थोडी पाहता येते, कानाची पाहू नये, एवढं त्यांनी धरून ठेवलंय.

आठवडाभर ते गृहस्थ आले नाहीत, आजी येऊन मुलाला घेऊन जायच्या, काकूंकडे न बघता. मग एक दिवस दोघं नवराबायको मिळून आले. सततच्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचलं होतं. पोराला सगळं जग भिंतीपलीकडून बोलल्यासारखं येत होतं. उपाय होता, तो झाला. पुढे काही महिन्यांनी तो काकूंच्या कमरेला हात लावून म्हणाला, "काकू, ओलडू नको." त्याला हाक मारताना सगळ्या घराला ओरडायची सवय लागली होती आणि ती अजून गेली नव्हती. काकूंनी हा शब्द काही गिळला नाही. संध्याकाळी पाच पालकांना सांगितला, यजमानांना सांगितला, मला दोनदा सांगितला.

आता काकूंना स्वतःला नातू झालाय. मुलगी न्यू जर्सीला, एडिसनला असते. नातू वर्ष-दीड वर्षाचा, तिथल्या डेकेअरला जातो. तिथे सँडलचा पट्टा नाही. तिथे ॲप आहे. मुलगी रोजचा अहवाल पाठवते आणि काकू सकाळी तो घेऊन आमच्याकडे येतात, कारण इंग्रजी मी वाचून दाखवतो. किती वाजता लंगोट बदलला, किती वेळ झोपला, किती औंस दूध. मग मूड, हसरं पिवळं तोंड. आणि खाली, आज आमचा दिवस फार छान गेला!

"छान म्हणजे?" काकू विचारतात.

"छान म्हणजे छान. ग्रेट."

"अहो, पण बोलला काय?"

ते लिहिलेलं नसतं. असं पंधरवडाभर चाललं. काकूंची झोप उडाली. मुलगी म्हणते, आई, तो ठीक आहे. जावई म्हणतात, मी पण उशिराच बोललो होतो. काकूंनी फोन ठेवून दिला. शेवटी एका सकाळी त्यांनी मला टेबलापाशी बसवलं आणि डेकेअरच्या बाईंना द्यायचं पत्र सांगायला घेतलं. मी इंग्रजीत टाइप करत गेलो. पाण्याला आमच्या घरी मम्म म्हणतात, त्याने मम्म मागितलं तर जेवण देऊ नये. शब्द मोजताना मराठी आणि इंग्रजी मिळून मोजावेत. त्याला काही आणायला सांगताना आपले हात मागे बांधावेत. बिस्किटचा पुडा त्याच्या पाठीमागे फोडून बघावा आणि कळवावं. आणि आजवर एकूण शब्द किती, आकड्यात. पत्र दीड पान झालं. मुलीने कुरकुर करत ते पुढे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. काकू पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. मी वाचलं. 'आजीचे खूप आभार! फारच गोड मुलगा आहे. आमच्याशी छान रमलाय. घरी जरा त्याच्या ओठांकडे लक्ष ठेवा, कोणत्याही दिवशी तुम्हाला आश्चर्याचा धक्का देईल!'

काकूंनी चष्मा पुसून फोन माझ्या हातातून घेतला. इंग्रजी येत नसताना ते उत्तर पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"बोललाय हो तो," त्या म्हणाल्या. "बाई लपवतेय."